ह्युवेकमध्ये एमएमपी-२ सक्रिय होत नाही, झायमोग्रामवर फक्त ७२चा बँड

नीलजेल (प्रश्न)
जखम भरताना रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी एमएमपींवर (पेशींभोवतीचं जाळं कापणाऱ्या एन्झाइमांवर) ताबा कसा ठेवतात, ते पाहायचं आहे. मांडणी अशी: ह्युवेक (नाळेच्या शिरेतल्या अस्तराच्या पेशी), चौथं पॅसेज, जिलेटिन कोटिंग, सहा वेलची प्लेट. थर भरल्यावर पिपेटच्या टिपने एक ओरखडा, १० नॅनोग्रॅम प्रति मिलि टीएनएफ-अल्फा (दाह चेतवणारं प्रथिन), २ टक्के सीरम, २४ तासांनी मीडियम गोळा. झायमोग्रामवर (जिलेटिन कापणारी एन्झाइम पट्ट्यांच्या रूपात दाखवणारं जेल) ७२ किलोडाल्टनचा (निष्क्रिय प्रो-एमएमपी-२) बँड ठळक, ६२चा (सक्रिय एमएमपी-२) जवळजवळ नाहीच. ९२चा (एमएमपी-९) फिकट बँड आहे, पण तो पेशी नसलेल्या मीडियमच्या लेनमध्येही दिसतो. ओरखडा मारलेल्या आणि न मारलेल्या वेलमध्ये काहीच फरक नाही. पेशी प्रतिसाद देत नाहीत की पद्धतीत गडबड आहे?

तळपटल
पेशींना दोष देऊ नका, त्यांना जखम झाल्याचं कळतच नाहीये. निरोगी वाहिनीत त्या लॅमिनिन आणि टाइप-४ कोलॅजेनच्या पटलावर बसलेल्या असतात. जखमेत ते पटल तुटतं आणि पेशी टाइप-१ कोलॅजेन आणि फायब्रिनला भिडतात. चारी बाजूंनी टाइप-१ कोलॅजेन असलं की एमटी१-एमएमपी (एमटी१) या पेशीपटलावर बसणाऱ्या एमएमपीचं जनुक जोरात चालू होतं. त्यात ईजीआर-१ या ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरचा (जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाचा) वाटा मोठा आहे. सपाट जिलेटिनवर हे घडत नाही.

एमएमपी-२ तर या पेशी एरवीही बनवत असतात. लगाम आहे तो सक्रिय करण्याच्या पायरीवर. पेशीपटलावरच्या एका एमटी१ला टीआयएमपी-२ (एमएमपींना अडवणारं प्रथिन) एका टोकाने चिकटतो आणि दुसऱ्या टोकाने प्रो-एमएमपी-२ पकडून ठेवतो. मग शेजारचा मोकळा एमटी१ त्याचा प्रोपेप्टाइड (निष्क्रिय ठेवणारा तुकडा) कापतो. म्हणून टीआयएमपी-२ थोडा लागतोच. तो वाढला की मोकळा एमटी१ उरत नाही आणि काम थांबतं. अडवणारं प्रथिनच थोड्या प्रमाणात मदतनीस ठरतं, मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. टीआयएमपी-१ मात्र एमटी१ला फारसा रोखत नाही. त्यामुळे दोन्ही वेगवेगळ्या वेलमध्ये घालून पाहा: ६२चा बँड फक्त टीआयएमपी-२ने गेला, तर मार्ग एमटी१चाच असं धरायला चांगला आधार मिळतो.

आता पेशी वाढवायचं कोलॅजेन जेल. टाइप-१ कोलॅजेन २ ते २.५ मिलिग्रॅम प्रति मिलि, सगळं बर्फावर, पीएच ७.४ला आणून लगेच पेशी मिसळा आणि ३७ अंशांवर ३० ते ६० मिनिटं ठेवा. पीएच कमी राहिला तर जेल नीट घट्ट होत नाही. नुसतं मीडियम घेऊ नका, जेलही लायसिस करा (विरघळवून त्यातलं मोकळं करा). सक्रिय एमएमपी-२चा बराच भाग पेशीला आणि कोलॅजेनला धरून राहतो. लेनमध्ये किती भरायचं हे डीएनएवरून ठरवा. एकूण प्रथिन मोजलंत तर कोलॅजेनच मोजलं जाईल.

बफर
९२चा बँड सीरमचा आहे, रिकाम्या मीडियमच्या लेनने तो आधीच पकडून दिलाय. शिवाय ही एन्झाइम जिलेटिनला घट्ट चिकटतात, त्यामुळे कोटिंगवर अडकून पुढे येऊ शकतात. पीबीएसने (क्षारयुक्त बफरने) तीनदा धुवा, मग सीरमविना ०.१ टक्का बीएसए (गाईचं अल्ब्युमिन) घातलेल्या मीडियममध्ये २४ तास. त्याहून जास्त ठेवलं तर ह्युवेक मरायला लागतात.

झायमोग्रामच्या जेलमध्ये जिलेटिन १ मिलिग्रॅम प्रति मिलि. नमुना उकळायचा नाही, डीटीटी किंवा मर्कॅप्टोइथेनॉल घालायचं नाही. २.५ टक्के ट्रायटनमध्ये ३० मिनिटांचे दोन वॉश. हे अपुरे पडले तर एसडीएस (प्रथिनं उलगडणारा साबण) राहतं आणि बँड उमटतच नाहीत. मग ५० मिलिमोलर ट्रिस, पीएच ७.५, १० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड, ३७ अंशांवर १६ ते १८ तास. जेलची एक पट्टी कापून तिच्या बफरमध्ये १० मिलिमोलर ईडीटीए (एमएमपींना लागणारे धातू काढून घेणारं रसायन) घाला. तिथेही बँड आले, तर ते एमएमपी नाहीत.

कडेची_पेशी
एकच ओरखडा १ मिमी रुंद आणि ३५ मिमी लांब धरला तर ३५ चौरस मिमी. वेल साधारण ९५० चौरस मिमीचा. म्हणजे चार टक्क्यांहूनही कमी. कडेच्या पेशी कितीही बदलल्या तरी मीडियममध्ये त्या बुडून जातात. आडवे-उभे बरेच ओरखडे मारा.

झायमोग्राम वाचतानाही जपून. एसडीएसमुळे प्रो-एन्झाइम उलगडतं आणि कापायला लागतं, टीआयएमपीही सुटून जातात. म्हणून बँड ठळक म्हणजे ऊतीत क्रिया जास्त, हा निष्कर्ष काढता येत नाही. निव्वळ क्रियेसाठी डीक्यू जिलेटिन (कापलं गेलं की चमकणारं) वापरा. चिघळलेल्या जुनाट जखमांत एमएमपी-९ आणि न्यूट्रोफिलचं एमएमपी-८ चढेच राहतात, फायब्रोनेक्टिन आणि वाढघटक तुटत राहतात. भरणाऱ्या जखमेत ही क्रिया वेळेवर खाली येते. त्यात पेरिसाइटचा (नळीला बाहेरून बिलगणाऱ्या पेशींचा) मोठा हात असतो: पेरिसाइटकडून टीआयएमपी-३, अस्तराच्या पेशींकडून टीआयएमपी-२, आणि नवी नळी स्थिर होते. तुमच्या मांडणीत हा अर्धा भाग नाहीच.

नीलजेल
कोलॅजेन जेलमध्ये टीएनएफ ठेवू का?

तळपटल
पहिल्या फेरीत नको. टीएनएफ एनएफ-कप्पा-बी या ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरमार्गे मुख्यतः एमएमपी-९ वाढवतो, तो वेगळा प्रश्न आहे. ९२च्या पॉझिटिव्ह कंट्रोलसाठी सपाट थरावर पीएमए (पेशींना चेतवणारं रसायन), ५० नॅनोग्रॅम प्रति मिलि, २४ तास. पुढे थ्रॉम्बिन आणि सक्रिय प्रोटीन-सी ही रक्त गोठण्याशी जोडलेली एन्झाइमही तपासा, दोन्ही या पेशींत एमएमपी-२ सक्रिय करतात. ६२चा बँड नेमका कुठे येतो ते ठरवायला मीडियमचा एक भाग १ मिलिमोलर एपीएमएसोबत (प्रो-एन्झाइम सक्रिय करणारं रसायन) ३७ अंशांवर तासभर ठेवून शेजारच्या लेनमध्ये चालवा.