मालिकेतला किरकोळ बंडखोर, जो डोक्यातून जातच नाही

सावरी: काल मुलगा 'स्टार वॉर्स'मधल्या 'अँडॉर' मालिकेचा पहिला सीझन परत बघत होता, मी शेजारी मेथी निवडत. आल्धानी ग्रहावर बंडखोर साम्राज्याच्या पगाराचा पैसा पळवतात, यान सुटतं आणि त्या पैशांचंच धूड घसरून नेमिकवर येतं. माझा हात थांबला. कोवळा पोरगा, जुनाट दिशादर्शक यंत्र जपणारा, सवड मिळेल तेव्हा जाहीरनामा लिहिणारा. चिरडल्यावरही वाट तोच सांगतो. मला आजोबा आठवले. कुंडलकडचे. बेचाळीसनंतर उसाच्या फडात भूमिगतांना भाकऱ्या पोचवायचे, वय बारा. विचारलं तर म्हणायचे, "मी काय केलं? भाकरी आईची, पाय माझे." तुमचं कोण असं?

खडूफळा: शेणोली! ७ जून १९४३, साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेने रेल्वेगाडी अडवून नेला तोही पगाराचाच पैसा. त्या सेनेतले कॅप्टन भाऊ लाड 'लूट' शब्दावर चिडायचे. लोकांचं लोकांना दिलं, म्हणायचे.

रिकामटेकडा: नेमिक कोण? तो चार हातांचा डॉक्टर?

सावरी: नाही रे, डॉक्टर वेगळा. त्याच्याकडे नेलं, पण वाचला नाही.

मुक्काम_पोस्ट: 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'तला डक. माणसांवर राज्य करणाऱ्या यंत्रमानवांनी, सायलॉनांनी, बायको मारली. मग हा त्यांच्याच पोलिसांत भरती होतो आणि दीक्षान्ताच्या दिवशी अंगावर बॉम्ब बांधून जातो. २००६ साली होस्टेलवर बघितलं, सहा जण एका मॉनिटरसमोर. संपल्यावर कोणी बोलेना. बरोबर की चूक यावर मेसमध्ये भांडण झालं ते पार वरण संपेपर्यंत. मला अजून ठरवता आलेलं नाही. कुकर झाला, येते.

पिठलंप्रेमी: 'अँडॉर'मधलीच सिंटा! काम केलंय वरदा सेतूने, जन्म केरळचा. नंतर 'डॉक्टर हू'मध्येही आली. 'अँडॉर'च्या दुसऱ्या सीझनमध्ये सिंटाला आपल्याच माणसाची गोळी लागते. एवढ्या धाडसी बाईला असं मरण? मी दोन दिवस लेखकांना शिव्या घातल्या.

रिकामटेकडा: अहो स्पॉइलर!! कालच सुरू केलंय!

पिठलंप्रेमी: अय्यो. सॉरी. विसरा.

खडूफळा: सावरीताई, आजोबांचं लिहून ठेवलंय का कुठे?

सावरी: नाही हो. आत्याला माहितीये बरंच. रविवारी जाणार आहे तिच्याकडे, फोनवर रेकॉर्ड करीन. आधी ही मेथी उरकते, अजून निम्मी जुडी तशीच आहे.

मुक्काम_पोस्ट: मेथीत लसूण जास्त घाल.