गाडीची झडती आणि वॉरंट

वॉरंटशिवाय पोलिसांना गाडीची डिकी उघडताच येत नाही, हे मत अमली पदार्थांच्या बाबतीत टिकत नाही. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याचे कलम ४३ सार्वजनिक ठिकाणी अशी झडती घेऊ देते. इमारत, वाहन किंवा बंदिस्त जागेच्या झडतीसाठीच्या कलम ४२ मध्ये मात्र मिळालेली खबर आधी लेखी नोंदवून तिची प्रत ७२ तासांत वरिष्ठांकडे पाठवावी लागते. खरी मेख इथेच आहे. रस्त्यावरच्या एका खासगी जीपमध्ये अफूच्या बोंडांचा चुरा सापडला होता. तरीही खासगी वाहन म्हणजे सार्वजनिक ठिकाण नव्हे आणि कलम ४२ अजिबात पाळलेले नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आरोपींना निर्दोष सोडले. नाक्यावर कागदपत्रे तपासणे ही अर्थात वेगळी बाब आहे.