कव्हर म्हणजे आर्केस्ट्रा? मग आर्केस्ट्राच सही

जाडी_तार

परवा इथे 'गिगवेडी' यांनी खारच्या एका गिगबद्दल, म्हणजे बँडच्या छोट्या कार्यक्रमाबद्दल, लिहिलं. ड्रमरची काठी तुटून पुढच्या रांगेत पडली, मध्येच वीज गेली तर लोकांनी अंधारात कोरस चालू ठेवला, वगैरे. छान लिहिलंय, चार परिच्छेद वाचून मीही खूश. आणि मग शेवटी हे: 'कव्हर वाजवणारे बँड म्हणजे लग्नातला आर्केस्ट्रा. स्वतःचं काही नसलं की माणूस दुसऱ्याचं वाजवतो. मराठी लोक गिगला येत नाहीत कारण त्यांना ओळखीचंच ऐकायचं असतं.'

तिथेच उत्तर द्यायला बसलो, लांबलं, म्हणून वेगळा धागा.

मी १९९७ ते २००३ बेस, म्हणजे जाड तारांची खर्जातली गिटार, वाजवायचो. नव्या तारांचा संच तेव्हा परवडायचा नाही. काही महिन्यांत घामाने तारा मुक्या होतात, नुसतं ढब ढब. उपाय एकच: तारा काढायच्या, वेटोळं करायचं, पातेल्यात दहा मिनिटं उकळायच्या, खडखडीत पुसून परत चढवायच्या. आठवडाभर तेज येतं. आमच्याकडे त्यात आईचं चहाचं पातेलं गेलं. बाबा सकाळी म्हणाले, चहाला सुट्ट्या पैशांचा वास येतोय.

हा सगळा खटाटोप दुसऱ्यांची गाणी वाजवायला. हो. बेसने कुठे गप्प बसायचं हे मला त्या उसन्या गाण्यांनीच शिकवलं. बीटल्सचा पहिला अल्बम १९६३ चा, १४ गाणी, त्यातली ६ दुसऱ्यांची. निर्वाणा या अमेरिकन बँडने १९९३ मध्ये न्यूयॉर्कला तो अनप्लग्ड कार्यक्रम केला, त्यातही १४ पैकी ६ परकी. आपल्या मुंबईचा बँड रॉक मशीन, नंतरचे इंडस क्रीड, तेही आधी कव्हरच वाजवत होते, मग स्वतःची गाणी आली. आणि जरा घरात बघा की. 'सौभद्र' १८८२ चं. त्यातली पदं आज कोणी बसून म्हटली तर तो काय किर्लोस्करांचा आर्केस्ट्रा झाला? भीमसेनजींची अभंगवाणी ऐकताना तुम्ही 'हे तुकोबांचं आहे, ह्यांचं काय?' असं विचारता का?

गिगवेडी

काका, दमाने.

पहिली गोष्ट, लग्नातल्या आर्केस्ट्राबद्दल लिहिलेलं वाक्य रात्री दोन वाजता लिहिलेलं होतं. तरी मागे घेत नाही.

भीमसेनजींचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. त्यांनी कोणाची नक्कल केली नव्हती. अभंगाचे शब्द जुने, चाल नवी, गळा त्यांचा. 'अभंग रीपोस्ट' हा बँड हेच करतो, संतांचे शब्द आणि खाली बेस, गिटार, ड्रम. ते मी डोक्यावर घेते. माझा राग आहे तो सोलोसकट, मधल्या खोकल्यासकट जसंच्या तसं वाजवणाऱ्यांवर. त्यापेक्षा घरी स्पीकर आहे.

आणि एक सांगते. गेल्या पावसाळ्यात लोअर परळला एका गिगला आम्ही अकरा जण होतो. बँड धरून नाही, नुसते ऐकणारे. त्यांनी एक नवं गाणं काढलं, आधी कुठेच न वाजवलेलं. एका ठिकाणी सगळं थांबलं, आम्हाला वाटलं संपलं, टाळ्या वाजवल्या. संपलं नव्हतं. गायिका हसली, मान हलवली आणि पुढचं कडवं आमच्याकडे बघत म्हणाली. ते शेवटचं कडवं मला आजही पाठ नाही, पण ती शांतता पाठ आहे. कव्हरच्या कार्यक्रमात हे होऊच शकत नाही. तिथे शेवट सगळ्यांना आधीच ठाऊक असतो.

जाडी_तार

काका म्हणू नका. सेहेचाळीस म्हणजे काका नाही.

मामेभाऊ

सेहेचाळीस म्हणजे काकाच. चालू द्या, शेंगदाणे घेऊन बसलोय.

सहावा_श्रोता

गिगवेडी, तुमच्या अकरा जणांत मी असतो तर बारा झाले असते, पण मी त्या दिवशी गोरेगावच्या एका हॉटेलात कव्हर वाजवत होतो. पैशासाठी.

सहा वर्षं मराठीत गाणी लिहितोय. स्वतःची वाजवली तर डोअर डील, म्हणजे तिकिटं खपतील त्यात वाटा. गेल्या वेळी चौघांत मिळून २१०० रुपये आले, रिक्षात अँप टाकून न्यायला ६०० गेले. त्याच महिन्यात हॉटेलात तीन तास जुनी इंग्रजी गाणी वाजवली, माणशी ४०००. मॅनेजर म्हणतो, 'तुमचं एखादं घ्या मध्ये, पण लोक जेवत असताना.' म्हणजे माझं गाणं पापडाबरोबर.

तेव्हा जाडी_तार, तुमचा बीटल्सचा हिशोब बरोबर आहे, पण त्यांची उरलेली ८ कोणीतरी ऐकून घेतली हेही धरा. आमची ८ कोण ऐकतंय? कव्हर म्हणजे शाळा, मान्य. पण मुंबईत त्या शाळेतून कोणी पासच होत नाही, सगळे तिथेच मास्तर होतात.

तिसरी_घंटा

चर्चा उत्तम, पण मूळ दुखणं कोणी बोलतच नाहीये. मराठी माणूस गिगला का येत नाही? कारण तो वेळेवर येतो.

दोन महिन्यांपूर्वी पुतण्याच्या आग्रहाखातर खारला गेलो. तिकिटावर ८. मी ७:४० ला दारात, नाटकाची सवय. आत साउंडचेक चालू. एक मुलगा 'चेक, वन, टू' म्हणतोय, दुसरा फरशीवर पोटावर झोपून वायर शोधतोय. ९ ला पण तेच. ९:५० ला पहिला बँड, आम्ही ज्यांच्यासाठी गेलो ते १०:४५ ला. मी डोंबिवलीचा. दादरला गाडी बदलायची असते. ११:२० ला उठलो, दोन गाणी ऐकून. बाहेर पडताना पाठीमागे त्यांचं सर्वांत गाजलेलं गाणं सुरू झालं. जिन्यात उभा राहून अर्धं ऐकलं.

शिवाजी मंदिरला तिसरी घंटा झाली की पडदा. हे जमत नसेल तर 'ओळखीचंच ऐकायचं असतं' वगैरे आम्हाला ऐकवू नका.

वांद्रेकर

जगभर असंच असतं. डोअर्स आठला उघडतात, आर्टिस्ट नंतर येतो. रॉक म्हणजे बँकेची वेळ नव्हे. इतकी घाई असेल तर जवळ राहावं.

तिसरी_घंटा

'जवळ राहावं'! वा. खारला वन रूम किचनचं भाडं किती ते सांगा, उद्या येतो सामान घेऊन. पहिली गाणी तुमच्याच हॉलमध्ये ऐकू.

सहावा_श्रोता

@वांद्रेकर, अहो बँड कुठे उशिरा येतो? आम्हाला पाचला बोलावतात. जागावाला थांबवतो. जितका वेळ लोक बसतील तितकं खातील-पितील. 'अजून गर्दी नाही, थोडं थांबू.' कव्हर चार्ज, म्हणजे आत यायचे पैसे, घेतलाय ना, तो वसूल करून द्यायचा असतो तुमच्याकडून. चार तास स्टेजमागे खुर्च्यांच्या थप्पीवर बसून असतो आम्ही, आणि शिव्या आम्हालाच.

मामेभाऊ

म्हणजे कव्हर चार्ज देऊन कव्हर ऐकायचं नाही. अवघड आहे.

वांद्रेकर

काही लोकांना भजनाच्या कार्यक्रमाला जायला सांगावं. तिथे पंख्याखाली जागा मिळते आणि नऊला आरती.

गिगवेडी

वांद्रेकर, हे अति होतंय. मी अंबरनाथहून येते. तीस गिग बघते वर्षाला, त्यातल्या निम्म्या अर्धवट. एकदा शनिवारी रात्री रेल्वेचा ब्लॉक होता, दादरला पहाटेपर्यंत बाकावर बसून काढली. रॉक म्हणजे काय ते मला शिकवू नका.

धोबीतलाव

उशिराचा विषय निघाला म्हणून. उघड्यावर उशीर करून बघा, हिंमत आहे? २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद. बंद सभागृहाला त्यातून सूट, म्हणून तुमचे खारचे लोक मध्यरात्रीपर्यंत ताणतात. महालक्ष्मीच्या मैदानावर परदेशी बँड आणला की बरोबर दहाच्या आत आटोपतं. म्हणजे वेळ पाळता येते, पोलीस दारात उभे असले की.

बाकी आमचं रंगभवन, धोबीतलावचं खुलं नाट्यगृह, त्याच नियमांत गेलं. शेजारी कॉलेज, रुग्णालय, १०० मीटरच्या आत म्हणजे तेव्हा शांतता क्षेत्र. १९८६ पासूनचा इंडिपेंडन्स रॉक, रॉक बँडचा महोत्सव, तिथे व्हायचा, ऑगस्टच्या पावसात, शर्ट डोक्याला बांधून. सहाला सुरू व्हायचं आणि शेवटची गाडी मिळायची. आणि माझ्या खिडकीखाली गणपतीत जो डीजे लागतो त्याला मात्र कुठलं क्षेत्र लागू होत नाही.

तिसरी_घंटा

गणपतीला मध्ये आणायची गरज नव्हती.

धोबीतलाव

गणपतीला नाही आणलं, डीजेला आणलं. वर्षातले १५ दिवस राज्य सरकार बारापर्यंत परवानगी देऊ शकतं, ते नियमातच आहे. त्यातला एखादा दिवस रंगभवनासारख्या जागेला द्या म्हणतोय. झोंबलं का?

तिसरी_घंटा

आवाज म्हणजे काय ते आम्हाला कळतं साहेब. चाळीस वर्षं ढोल वाजवलाय. तुमच्या त्या डोक्याला शर्ट बांधणाऱ्यांपेक्षा तालात.

वांद्रेकर

ब्लू फ्रॉग हा गाण्याचा क्लब २००७ ला आला आणि २०१६ ला गेला. त्या गोल कप्प्यांत बसून ऐकायला जे मिळालं ते या शहरात परत मिळालं नाही. तो टिकला असता जर लोकांनी घड्याळाकडे न बघता तिकीट काढलं असतं. बस, एवढंच म्हणायचं होतं.

सहावा_श्रोता

ब्लू फ्रॉगला मी एकदाच गेलो, बाहेरच्या वहीवर नाव नव्हतं म्हणून परत आलो.

जाडी_तार

धागा माझा आहे याची नम्र आठवण करून देतो. लोकलचा वेगळा काढा.

गिगवेडी, ते अकरा जणांचं दोनदा वाचलं. आमच्या बँडचं एकच स्वतःचं गाणं होतं. सोसायटीच्या कार्यक्रमात वाजवलं, मध्ये थांबायची जागा होती, तिथेच निवेदिकेने माइक घेतला आणि म्हणाली, 'धन्यवाद, आता लकी ड्रॉ.' शेवटचं कडवं कधीच कोणी ऐकलं नाही. तेव्हा तुमचा मुद्दा मला कळत नाही असं नाही. जसंच्या तसं सोलो वाजवणाऱ्यांबद्दल तर मी तुमच्याच बाजूचा, फक्त आर्केस्ट्रा हा शब्द मागे घ्या. आर्केस्ट्रातला बेसिस्ट एका रात्रीत चाळीस गाणी न चुकता वाजवतो. तुमच्या इंडी, म्हणजे स्वतःचंच वाजवणाऱ्या, पोरांपैकी अर्ध्यांना ट्यूनर बंद पडला तर गिटार लावता येणार नाही.

गिगवेडी

'लग्नातला' मागे घेते. 'आर्केस्ट्रा' राहू दे, तुम्हाला आवडलेला दिसतोय, शीर्षकात घातलाय.

लकी ड्रॉ वाचून वाईट वाटलं. खरंच. गाणं आहे का कुठे?

जाडी_तार

कॅसेट होती. शोधतो.

सहावा_श्रोता

शनिवारी परळला वाजवतोय. सगळी स्वतःची, फक्त एक कव्हर, आणि तेही चाल मोडून. येणार असाल तर नावं सांगा, दारात ठेवतो.

तिसरी_घंटा

किती वाजता?

सहावा_श्रोता

तिकिटावर ८ आहे.

तिसरी_घंटा

ते वाचलं. वाजवणार किती वाजता?

सहावा_श्रोता

साडेनऊ. बहुतेक.

तिसरी_घंटा

मग जेवूनच निघतो. पुतण्यालाही आणतो. आणि सव्वाअकराला उठलो तर गायकाने माइकवरून टोमणा मारायचा नाही.

वांद्रेकर

परळहून डोंबिवलीला थेट गाडी आहे, दादरला बदलायची गरज नाही.

तिसरी_घंटा

स्लो आहे हो ती. पण ठीक आहे, एवढं तरी माहीत आहे तुम्हाला.