पटकन उत्तर म्हणजेच मदत?
‘लिनक्स वापरणाऱ्यांचा चांगला समुदाय म्हणजे अडचण विचारल्यावर पटकन उत्तर देणारा’ हे मत मला अर्धंच पटतं. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकल्यावर वायफाय चालेना, तेव्हा तोडगा सापडला तो आर्च विकीवर, म्हणजे आर्च या लिनक्सच्या एका प्रकाराच्या ऑनलाइन माहितीकोशात. आणि मी आर्च वापरतही नाही! कुणीतरी आपली डोकेफोड नीट लिहून ठेवली होती, एवढंच. डेबियन या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराच्या प्रकल्पाने तर १९९७ च्या सामाजिक करारातच म्हटलंय की आम्ही अडचणी लपवणार नाही, बगच्या (सॉफ्टवेअरमधल्या चुकांच्या) नोंदी सर्वांना खुल्या राहतील. त्यामुळे घोळ आपल्याच मशीनचा की सगळ्यांचा, हे विचारण्याआधीच बघता येतं. बाकी ‘आधी मॅन्युअल वाचा’ म्हणून खेकसणारे सगळीकडे भेटतात. पण एरर मेसेज न देता नुसतं ‘चालत नाहीये’ लिहिणारे आपणही काही कमी नाही.