दहावीनंतर पियानोच करायचा म्हणतेय लेक, काय सांगू?

कर्वेनगरची आई
नमस्कार मंडळी. लेक यंदा दहावीला, ट्रिनिटीची (लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची संगीत परीक्षा) ग्रेड ६ झालीये आणि आता म्हणते मला पियानिस्टच व्हायचंय, बारावी करते पण पुढे परदेशात कॉन्झर्व्हेटरीला, म्हणजे संगीत महाविद्यालयात, जाणार. आमच्या घरात गाणं म्हणजे सवाईला सतरंजीवर बसून ऐकलेलं, बाबा पेटी वाजवायचे, त्यामुळे रियाज कशाशी खातात ते कळतं पण या लाइनमध्ये माणसाचं पोट कशावर चालतं ते काही माहीत नाही. सध्या डिजिटल पियानो आहे, हेडफोन लावून रात्री साडेदहापर्यंत बसते, आम्हाला बाहेर नुसती कीजची टकटक ऐकू येते. नवव्या वर्षी सुरू केलं, उशीर झाला का? खरं काय ते सांगा, तिचं मन मोडायचं नाहीये.

कॅम्पातला साथीदार
ताई, मी वीसेक वर्षं शिकवतोय आणि साथ करतोय. नुसत्या सोलो मैफलींवर जगणारे जगभरात अगदी थोडे, बाकी आम्ही सगळे शिकवणं, गायक-व्हायोलिनवाल्यांची साथ, क्वायर, रिहर्सल यावर जगतो आणि हे काम कमी दर्जाचं आहे असं तिला कुणी सांगितलं तर ऐकू देऊ नका. परीक्षेत व्हायोलिनवालं पोर घाबरून दोन बार (आपल्याकडच्या आवर्तनासारखे तालाचे तुकडे) गाळतं, त्या क्षणी हात न थांबवता त्याच्याबरोबर उडी मारायची आणि परीक्षकाला खडखडाट जाणवू द्यायचा नाही, याला कान लागतो. रशियाचा मोठा पियानिस्ट रिख्टर घ्या, १९१५ चा जन्म, पोरवयात ओदेसाच्या ऑपेरात रिहर्सलला वाजवायचा, रीतसर शिक्षणासाठी मॉस्कोला नॉयहाउस नावाच्या नामांकित गुरूकडे गेला तो १९३७ साली, बाविसाव्या वर्षी! आणि सत्तरी उलटल्यावर १९८६ मध्ये सायबेरियात गावोगाव वाजवत फिरला. म्हणजे नवव्या वर्षी सुरू करणं हा उशीर नाही. तिला रोज एक न पाहिलेलं पान वाचून वाजवायला लावा, साइट-रीडिंगवरच पुढे कामं मिळतात.

आणि डिजिटलवर ऑडिशनची तयारी पूर्ण होत नाही हो. हातोडी तारेवर पडते तेव्हा बोटाला जे कळतं ते तिथे नाही, आठवड्यातून दोनदा तरी खऱ्या पियानोवर बसवा. विकत घेणार असाल तर पुण्याचा पावसाळा धरून चाला, दमटपणाने आतलं फेल्ट (लोकरीचं जाड कापड) फुगतं, कीज अडकतात. माझ्या अपराइटच्या (उभ्या पियानोच्या) खालच्या फळीआड मी जूनपासून २५ वॅटचा पिवळा बल्ब लावून ठेवतो, लाकडाला टेकणार नाही असा, आणि ट्यूनरला पाऊस संपल्यावरच बोलावतो.

मनगट_दुखतंय
साडेदहापर्यंत बसते हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी कॉन्झर्व्हेटरीच्या ऑडिशनसाठी रोज सहा तास ऑक्टेव्ह (पंजा ताणून एकच स्वर दोन सप्तकांत एकदम वाजवणं) घोटले, उजवं मनगट दुखायला लागलं तर शिकवणारे म्हणाले दुखतंय म्हणजे मेहनत चाललीये, मीही ऐकलं. ऑडिशनच्या दिवशी करंगळी उचलेना. नंतर आठ महिने पियानो बंद, आजही लांब पीस वाजवत नाही. अमेरिकन पियानिस्ट लिऑन फ्लायशर ऐन छत्तिशीत होता तेव्हा त्याच्या उजव्या हाताची बोटं आपोआप आत वळायला लागली, फोकल डिस्टोनिया (मेंदूकडून स्नायूंना चुकीचे इशारे जाण्याचा आजार), नाव कळायलाच कित्येक वर्षं गेली. त्याने एकट्या डाव्या हाताचं रिपर्टरी वाजवलं (पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पियानिस्ट विटगेनश्टाइनसाठी संगीतकार राव्हेलने लिहिलेला कॉन्चेर्टो, म्हणजे वाद्यवृंदाबरोबर वाजवायची रचना, त्यातलाच), कंडक्ट केलं, शिकवलं, दोन्ही हातांनी परतला तोवर साठी ओलांडलेली. त्याच्यासारखी जिद्द कुणाकुणात असेल पण हात जपायला जिद्द लागत नाही. चाळीस मिनिटं झाली की उठायचं. दुखलं तर त्या दिवशी झाकण बंद आणि हातांचा अनुभव असलेला फिजिओ गाठायचा.

मझदावाला
कॅम्पात मझदा हॉलला पाश्चात्य संगीताचे कार्यक्रम असतात, घेऊन जा तिला. डावीकडे बसा म्हणजे हात दिसतील.

कर्वेनगरची आई
सगळ्यांचे खूप खूप आभार. मनगटवाल्या ताईंचं वाचून लगेच आत जाऊन विचारलं, तर म्हणाली अंगठ्याच्या मुळाशी पंधरा दिवसांपासून ओढ बसतेय, तू क्लास बंद करशील म्हणून बोलले नाही. पोटात गोळाच आला माझ्या. आज हेडफोन काढून ठेवलाय, उद्या फिजिओकडे. रिख्टर साथ करायचा हे सांगितलं तर म्हणते खालच्या मजल्यावरची मुलगी व्हायोलिन शिकते, हात बरा झाला की तिच्याबरोबर बसते.