धूळपाटीवर आधी लिहू द्यावे

विकिपीडियावरून मुले नुसते उतरवून काढतात, म्हणून तो वर्गात नकोच, असे मत येथे मांडले गेले आहे. उतरवून काढणे मीही पाहतो. परंतु सांगलीजवळच्या शाळेत नववीला शिकवताना मला थोडा वेगळा अनुभव आला. हरिपूरला कृष्णा आणि वारणा यांचा संगम होतो, एवढे एकच वाक्य मी मुलांना दिले आणि त्याला आधार शोधून आणायला सांगितले. "सर, संगम तर आम्ही रोज बघतो की," असे एक मुलगी म्हणाली; विकिपीडियाला स्वतः पाहिलेले पुरत नाही, प्रकाशित संदर्भ लागतो, हे पटवून देण्यात पूर्ण तास गेला, आणि तो वाया गेला असे मला वाटत नाही. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर प्रत्येक लेखाचा 'इतिहास' उघडता येतो, आणि कोणता शब्द केव्हा बदलला गेला हे तेथे ओळीने दिसते. पाठ्यपुस्तकात ही सोय नसते. मात्र मुलांना थेट लेखात हात घालू न देता आधी धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर (शब्दही किती नेमका!), लिहू द्यावे. आमच्याकडे तीन-चार मुलांमागे एक संगणक येतो, त्यामुळे कच्चा मजकूर वहीतच होतो.