डेपोशेजारचं घर: तुमचे अनुभव

उंबरठा:
काल कपाट आवरताना जुन्या घराची किल्ली सापडली. उगाच नाकाशी नेली. वास कसला येणार, पण आठवला मात्र लगेच.
ते घर आम्ही पाहिलं सकाळी अकराला. लख्ख ऊन, खिडकीसमोर हिरवी टेकडी. एजंट म्हणाला, "व्ह्यू कायमचा, समोर कोणी बांधूच शकत नाही." खोटं नव्हता बोलला. ती टेकडी म्हणजे बंद केलेला कचरा डेपो, वर माती टाकून गवत लावलेला. रात्री वारा पडला की वास उतरून खाली यायचा आणि पहाटेपर्यंत घरात ठाण मांडून बसायचा. दहानंतर पुन्हा काही नाही.
विकायला काढलं तर चौदा महिने गिऱ्हाईक टिकेना. संध्याकाळी आलेले लोक जिन्यातूनच परत जायचे. शेवटी आम्हीही सकाळी अकरालाच दाखवायला लागलो आणि महिन्यात घर गेलं. खरंतर हेच लिहायला बसले होते. आता तुमचं सांगा.

बोकोबा:
"व्ह्यू कायमचा" 
त्या एजंटाला दंडवत

अवि_मोजपट्टी:
ताई, मी घरांचं मूल्यांकन करतो, बँकांसाठी. लोक नकाशावर अंतर मोजतात. मी आधी वाऱ्याची दिशा विचारतो, मग गाड्या कुठल्या रस्त्याने जातात ते. डेपोपासून लांब पण गाड्यांच्या वाटेवरच्या घराचा भाव कितीदा जास्त पडलेला पाहिलाय. गळकी गाडी वळणावर सांडते, आणि वळण नेमकं कोणाच्या तरी दारातच असतं.
आणि सगळे डेपो सारखे नसतात. अमेरिकेत रिचर्ड रेडी यांचा २०१० चा अभ्यास आहे. रोज ५०० टनांहून जास्त कचरा घेणाऱ्या डेपोला लागून असलेल्या घरांची किंमत सरासरी १३.७ टक्क्यांनी कमी भरली. छोट्या डेपोंचा परिणाम किरकोळ, काहींचा तर शून्य. आमच्या साहेबांना हे पटत नाही, ते सरसकट कापतात.

नीताई:
आमच्याकडे वास नाही, खचणं. कचऱ्याच्या भरावावरची कॉलनी. इमारत खांबांवर, खांब खाली पक्क्या जमिनीपर्यंत, त्यामुळे ती हलली नाही. भोवतालची जमीन मात्र बसत गेली. आधी दारात एक पायरी होती. मग दोन झाल्या. सासूबाई म्हणायच्या, आपण फुकटात वर चाललोय. मग एक दिवस सांडपाण्याचा पाईप भिंतीपाशी कातरल्यासारखा तुटला, कारण भिंत जागच्या जागी आणि पाईप जमिनीबरोबर खाली. दुरुस्तीवाल्याने खाली वाकून पाहिलं तर फरशीखाली हात जाईल एवढी पोकळी. बाकीचं नंतर लिहिते, दूध उतू जातंय

नुसतीच_वाचक:
गेलं का दूध?

नीताई:
गेलं

जुनाट:
पोकळीवरून आठवलं, नीताई, पोकळी साधी समजू नका. आत कचरा कुजताना जो वायू होतो त्यात साधारण निम्मा मिथेन. हवेत ५ ते १५ टक्के झाला की ठिणगी पुरते. इंग्लंडमध्ये लॉस्को गावात २४ मार्च १९८६ ला पहाटे एक बंगला उडाला, तिघं जखमी. शेजारचा डेपो तोवर बंद झालेला होता. आदल्या रात्री हवेचा दाब झपाट्याने उतरला आणि जमिनीत कोंडलेला वायू दगडांच्या फटींतून घराखाली आला. म्हणून घर घेताना "बंद झालाय हो" याला मी काडीची किंमत देत नाही. बंद कधी झाला, वायूचे पाईप कुठे आहेत आणि मोजतं कोण, हे विचारा.

बोकोबा:
जुनाटकाका, रात्री झोपायचंय आम्हाला

ऋग्वेदी_नाही:
आमच्या शाळेमागचा डेपो बंद करून मैदान केलं. वायूचे पाईप जमिनीतून वर आलेले, टोकाशी छत्रीच्या मुठीसारखे खाली वळलेले. तेच आमचे स्टंप. तिसऱ्या वर्षी खेळपट्टीच्या मध्ये खळगा पडला. आमचा फिरकीवाला बरोब्बर त्यातच टप्पा टाकायचा, त्या हंगामात सव्वीस विकेट. पुढे माती टाकून सपाट केलं आणि तो संघाबाहेर गेला. बिचारा.
मोठी झाडं लावूच देत नाहीत तिथे. मुळांनी वरचं आवरण फाटलं तर पाऊस आत आणि काळं पाणी बाहेर. सगळं गवत नि झुडपं, सावली नावाला नाही.

जुनाट:
म्हणूनच बहुतेक ठिकाणी बाग किंवा मैदान होतं. दक्षिण कोरियातल्या सोलचा नानजीदो १९७८ ते १९९३ डेपो होता, २००२ मध्ये तिथे वर्ल्ड कप पार्क झालं. न्यूयॉर्कचा फ्रेश किल्स १९४८ ला सुरू, २००१ ला बंद, त्याची बाग अजून टप्प्याटप्प्यानेच होतेय.

अवि_मोजपट्टी:
बाग झाली की भाव चढतात, पण जुने रहिवासी पत्ता सांगताना अजून "डेपोजवळ"च म्हणतात. मी तिथला अहवाल लिहितो तेव्हा रिक्षावाला काय म्हणाला तेही मनात धरतो. लिहीत नाही अर्थात.

मुंगी७:
माश्यांचं कोणीच बोललं नाही? आमच्याकडे जेवताना एक हात कायम पंख्यासारखा. पाहुणे हसायचे. आता लांब राहतो तरी नवरा जेवताना हात हलवतो

नुसतीच_वाचक:
उंबरठाताई, ज्यांनी घेतलं ते काही बोलले का नंतर?

उंबरठा:
सहा महिन्यांनी फोन आला होता. पोटात गोळाच आला माझ्या. ते म्हणाले, जास्तीची एक किल्ली तुमच्याकडे राहिलीय का? मी नाही म्हणाले. वासाबद्दल त्यांनी विचारलं नाही, मीही काढलं नाही.

बोकोबा:
ती हीच किल्ली?

उंबरठा:
हो.

मुंगी७:
कोणाकडे माश्यांसाठी बारीक जाळी बसवलीय का? धुवायला निघते अशी हवीये